घोड्याचा तोबरा आणि घोड्याचे खूर



शहरांतून घोडा नाहीसा झाला असे आपण सहज बोलून जातो. टांगे बहुतेक गेले, व्हिक्टोरिया गेल्या, हे खरे. परंतु शर्यतीची मैदाने, अश्वारोहण शिकविणाऱ्या संस्था, माथेरान-महाबळेश्वरच्या तांबड्या वाटा आणि लग्नाच्या वराती, इतक्या ठिकाणी घोडा अद्याप आपल्या संगतीस आहे. शर्यतीतून निवृत्त झालेले जनावर हौसेने किंवा कणवेने पाळणारी कुटुंबेही आहेत. आज ज्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे तो अशाच एखाद्या घरी एकाएकी उभा राहतो.

घोडा एके दिवशी पाऊल टाकीनासा होतो. पशुवैद्य येतात, खुरांवर हात ठेवून पाहतात आणि सांगतात की खुरांच्या आत दाह झाला आहे. यापुढे चंदी बंद, गूळ बंद, हिरवे गवत बंद. धनी ते सर्व निष्ठेने पाळतो. काही महिन्यांनी पाय सुधारतात. पण त्याच घोड्याच्या बरगड्या दुरून मोजता येऊ लागतात, पुठ्ठे बसतात, पाठीचा कणा वर येतो. शेजारीपाजारी विचारू लागतात की, अहो, याला खायला घालता की नाही? आता घालावे तर पाय जाण्याची भीती आणि न घालावे तर अंग जाण्याची! या पेचातून वाट आहे. पण ती सापडण्यासाठी पोटाचा आणि खुराचा संबंध काय, हे प्रथम समजून घ्यावयास हवे.

या रोगास इंग्रजीत लॅमिनायटिस म्हणतात. या भाषणापुरते आपण त्यास खूरदाह म्हणू. खूर बाहेरून पाहता शिंगासारखा कठीण आणि निर्जीव दिसतो. त्याच्या आत मात्र पायाचे शेवटचे हाड टांगलेले असते. 'टांगलेले' हा शब्द मी जाणून वापरीत आहे. ते हाड तळव्यावर टेकून उभे नसते. खुराच्या भिंतीच्या आतल्या अंगास सुमारे ५५० ते ६०० उभी पत्रके असतात, त्या प्रत्येकावर पुन्हा शंभराहून अधिक सूक्ष्म उपपत्रके असतात, आणि हाडाच्या बाजूने आलेली तशीच जिवंत पत्रके त्यांत गुंतलेली असतात. दोन पुस्तकांची पाने एकमेकांत घालून घट्ट दाबावीत आणि मग ती पुस्तके ओढून वेगळी करू पाहावीत, म्हणजे या पकडीची कल्पना येईल. घोड्याच्या भारापैकी सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो; म्हणजे साडेचारशे किलोचा घोडा नुसता उभा असला तरी पुढच्या प्रत्येक खुरातील पत्रकांवर १३५ किलोंचे ओझे असते. दाहाने ही पकड सैल झाली की हाड आपल्या जागेवरून फिरते, खाली उतरते, आणि अगदी वाईट प्रसंगी तळवा फोडून बाहेर येते. अशा घोड्यास वेदनांतून सोडविण्यासाठी मरण देण्याची पाळी धन्यावर येते, आणि ती क्वचित येते असे नाही.

खाण्याने पाय बिघडतो ही गोष्ट माणसास फार जुनी ठाऊक आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफॉनने अश्वविद्येवर जो ग्रंथ लिहिला, त्यात जवाच्या अतिसेवनाने होणाऱ्या विकाराचा उल्लेख आहे. त्या विकाराचे ग्रीक नावच मुळी जव या धान्यावरून पडलेले आहे. मात्र हे घडते कसे, याचा उलगडा अलीकडचा आहे, आणि तो एका नव्हे तर दोन वाटांनी होतो.

पहिली वाट पोटाची. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान. त्यात आठ ते पंधरा लिटरांहून अधिक मावत नाही. निसर्गाने त्यास दिवसभर थोडे थोडे गवत खाण्यासाठी घडविले आहे. त्याच्या पुढे एकदम धान्याची रास पडली तर त्यातील पिष्ट, म्हणजे स्टार्च, लहान आतड्यात पुरते पचत नाही आणि तसेच मोठ्या आतड्यात उतरते. तेथे गवताचा चोथा पचविणारे जंतू नांदत असतात. हे पिष्ट मिळताच भलतेच जंतू माजतात, आम्ल वाढते, आतड्याचे अस्तर दुखावते आणि विषारी द्रव्ये रक्तात शिरतात. रात्री दावे तोडून कोठारात शिरलेला घोडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय उचलीनासा होतो, त्याचे कारण हे.

दुसरी वाट अधिक चोरटी आहे आणि आपल्या आजच्या विषयाशी तिचाच संबंध अधिक. साखर किंवा पिष्ट पचून रक्तात गेले की इन्शुलिन हा अंतःस्राव वाढतो, माणसाप्रमाणेच घोड्यातही. कित्येक घोड्यांत तो प्रमाणाबाहेर वाढतो आणि बराच वेळ चढाच राहतो. २००७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड येथील संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिनचे प्रमाण तीन दिवसांपर्यंत कृत्रिम रीतीने उंच ठेवले; रक्तातील साखर मात्र नेहमीसारखीच राहील अशी तजवीज केली. ज्या तट्टांस हे इन्शुलिन दिले त्या सर्वांस खूरदाह झाला. त्यांचे पोट बिघडलेले नव्हते, अंगात विष गेलेले नव्हते. एकट्या इन्शुलिनने हे काम केले. पुढे मोठ्या चणीच्या घोड्यांतही असेच दिसून आले. ज्यास एकदा असा झटका येऊन गेला आहे, त्या घोड्याच्या बाबतीत साखर आणि पिष्ट यांचा हिशेब रोजच्या रोज ठेवावा लागतो, तो यासाठी.

येथे आपल्या मार्गातील मोठी अडचण येते. ती म्हणजे आपला प्रेमळपणा! घोड्यावर माया करावयाची म्हणजे त्याच्या तोबऱ्यात चंदी वाढवावयाची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. हरभरा, कुळीथ, जव, बाजरी, वरून गुळाचा खडा. दिवसाकाठी दहा-बारा कोस दौडणाऱ्या भीमथडी तट्टास ती चंदी पचत असे, कारण दौड ती जाळून टाकीत असे. ज्याचे श्रम दिवसाकाठी अर्धा तास मैदानात फेऱ्या मारण्यापुरते उरले आहेत, त्यास ती कशी पचावी? मक्यात सुमारे ७० टक्के पिष्ट असते, जवात ५० टक्क्यांहून अधिक, ओट आणि हरभरा यांत ४० टक्क्यांच्या आसपास. निरोगी घोड्यासदेखील एका वेळेस देहाच्या दर किलोमागे एक ग्रॅमहून अधिक पिष्ट देऊ नये असे आता मानतात. खूरदाहाकडे कल असलेल्या घोड्यास त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेही जपूनच द्यावे लागते. साडेचारशे किलोंच्या घोड्यास याचा हिशेब एका वेळी ४५ ग्रॅम पिष्ट इतका होतो. म्हणजे मूठ-दीड मूठ हरभरा. इतक्याने अंग भरणार नाही हे उघड आहे. तेव्हा धान्याची वाट बंद समजावी आणि दुसरीकडे वळावे.

दुसरीकडे वळण्यापूर्वी मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे: घोडा वाळला का? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा खाण्यात नसतेच. म्हाताऱ्या घोड्याच्या दाढा झिजतात, कडेने धारदार होतात, गालास टोचतात; तो गवत चघळतो आणि त्याचे ओले बोळे करून खाली टाकतो. गव्हाणीपाशी असे बोळे पडलेले दिसले की चाऱ्याचे नाव काढू नये, आधी दात तपासून घ्यावेत. दुसरे कारण जंत. त्यासाठी लीद तपासावी. तिसरे कारण मोठ्या वयाच्या घोड्यात विशेष आढळते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचा विकार जडला की घोड्याची लव लांब वाढते आणि वेळेवर झडत नाही, पाठीचे व पुठ्ठ्याचे मांस विरघळल्यासारखे होते, पोट मात्र सुटते. आणि अशा कित्येक घोड्यांत इन्शुलिनही चढलेले असते. 'बारीक घोड्यास खूरदाह होत नाही' हा समज किती घातक आहे हे यावरून ध्यानात येईल. या विकाराची रक्तपरीक्षा होते, त्यावर रोज द्यावयाचे औषध आहे, आणि ते औषध चालू केल्याशिवाय नुसत्या आहाराने अंग धरावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. निदान मुंबई-पुण्याच्या धन्यास तरी जाणता पशुवैद्य मिळाला नाही असे म्हणता येणार नाही.

यानंतर मोजमाप. आपल्याकडे घोडा डोळ्यांनी जोखतात. पण रोज दिसणाऱ्या जनावराच्या बाबतीत डोळ्याइतका फसवा काटा दुसरा नाही. शिंप्याचा फीत-पट्टा घ्यावा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजावा, आणि खांद्याच्या पुढील टोकापासून पुठ्ठ्याच्या मागील टोकापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेरास घेराने गुणावे, आलेल्या आकड्यास लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. भागाकार म्हणजे किलोमध्ये वजन. घेर १७२ आणि लांबी १६५ असली तर वजन सुमारे ४११ किलो येते. हे अगदी बिनचूक नसते. परंतु दर पंधरवड्यास त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच रीतीने मोजले तर वजन चढते आहे की उतरते आहे हे निश्चित कळते, आणि आपणास तेवढेच हवे असते. त्याबरोबर हातही चालवावा. बरगड्या दिसू नयेत, पण हलक्या दाबाने बोटांस लागाव्यात. मानेवर आयाळीच्या मुळाशी चरबीची कठीण वळी असेल तर मात्र सावध व्हावे. बरगड्या दिसत असूनही ही वळी असणारे घोडे असतात आणि त्यांचे इन्शुलिन बहुधा ठीक नसते. १९८३ साली अमेरिकेतील टेक्सास येथे हेनेके यांनी घोड्याची अंगस्थिती एक ते नऊ अशा अंकांनी मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती आज सर्वत्र चालते. आपले लक्ष्य पाच या अंकाच्या आसपास असावे, सात-आठ नव्हे.

आता प्रत्यक्ष चाऱ्याकडे वळू. सर्व इमारतीचा पाया सुके गवत हाच. साडेचारशे किलोंच्या घोड्यास देहाच्या दोन टक्के, म्हणजे नऊ किलो, कोरडा चारा लागतो. वाळल्या गवतातही थोडे पाणी असतेच, म्हणून काट्यावर ते दहा किलो भरावे. घोडा वाळलेला असेल तर तो आज आहे त्या वजनावर हिशेब करू नये, त्याचे जे वजन असावयास हवे त्यावर करावा. आणि गवत कमी साखरेचे आहे अशी खात्री असल्यास त्याने अधिक मागितले तरी अडवू नये. रिकामी गव्हाण हा बारीक घोड्याचा शत्रू आहे. गवतातील साखर आणि पिष्ट मिळून दहा टक्क्यांच्या आत असावे असा सामान्य नियम आहे. चाऱ्याची रासायनिक परीक्षा करून घेता आली तर उत्तम. न आली तर गवत भरपूर स्वच्छ पाण्यात अर्धा ते एक तास बुडवून ठेवावे, पाणी फेकून द्यावे आणि गवत निथळून लगेच खाऊ घालावे. त्याने साखरेचा बराच अंश निघून जातो. आपल्या उष्ण हवेत याहून अधिक वेळ भिजविले तर ते आंबू लागते. साखरेबरोबर काही क्षार आणि थोडे सत्त्वही वाहून जाते. म्हणून बारीक घोड्यासाठी गवत भिजविण्यापूर्वी तोलावे, किलोभर अधिक घ्यावे आणि खनिज मिश्रणास विसरू नये.

इंग्रजी पुस्तके वाचून घोडा पाळणाऱ्यांनी येथे थोडा विवेक ठेवावा. त्या पुस्तकांत वसंत ऋतूतील हिरव्या कुरणाची भीती घातलेली असते, ती त्या देशात खरी आहे. थंड हवेची गवते फ्रुक्टन नावाची साखर आपल्या देठांत साठवीत जातात आणि त्या साठवणीस जणू सीमा नसते. आपल्याकडील हरळी, मारवेल ही उष्ण हवेची गवते आहेत. ती फ्रुक्टनऐवजी पानात पिष्ट साठवितात, आणि त्यास मर्यादा असते. तेव्हा आपले गवत सामान्यतः त्या मानाने सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक मात्र नव्हे. पावसाळ्याच्या आरंभी कोवळ्या लुसलुशीत हरळीवर घोडा दिवसभर सोडणे धोक्याचे आहे. त्याचप्रमाणे पाण्यावाचून सुकत चाललेले आखूड गवतही. वाढ खुंटली की उन्हात तयार झालेली साखर खर्च होत नाही, ती गवतातच राहते. मोकळे सोडावयाचेच तर पहाटे सोडावे आणि ऊन चढण्यापूर्वी आत घ्यावे. दुपार कलताना गवतात साखर सर्वाधिक असते.

दिवाळीच्या सुमारास डोंगरउतारावर कापलेले पक्व गवत आपल्याकडे पुष्कळ मिळते. त्यात साखर कमी असते, ही जमेची बाजू. परंतु प्रथिनेही फार कमी, ही खर्चाची. अशा गवतावर ठेवलेल्या घोड्याचे पोट भरते, मांस मात्र भरत नाही. त्याची भरपाई कशाने करावी हे पुढे सांगतो. तत्पूर्वी ज्या वैरणी सहज हाताशी येतात त्यांतील तीन बाजूस काढू. उसाचे वाढे देऊ नये, कारण त्यात उसाची साखर आलीच. ज्वारीचा हिरवा कोवळा चारा कोणत्याच घोड्यास देऊ नये. त्यातील विषाने मूत्राशय बिघडून मागचे पाय लुळे पडल्याची उदाहरणे पशुवैद्यकात सुविदित आहेत. आणि हत्तीगवत जे गाईम्हशींसाठी इतके लावले जाते, त्यातील ऑक्झॅलेट घोड्याच्या आहारातील चुना बांधून टाकते, ते एकट्याने देत राहिल्यास हाडे ठिसूळ होतात.

चुन्याचा विषय निघालाच आहे तर गव्हाच्या कोंड्याविषयी दोन शब्द. आजारी घोड्यास गरम कोंड्याचा काला द्यावा हा जुन्या पागांचा आवडता नियम. तो इतका रुजलेला आहे की त्याविरुद्ध बोलणे म्हणजे आजीच्या काढ्याविरुद्ध बोलण्यासारखे आहे. परंतु कोंड्यात पिष्ट थोडे नाही, आणि त्यातील स्फुरद चुन्याच्या अनेक पटींनी अधिक. युरोपात पिठाच्या गिरणीवाल्यांचे घोडे सतत कोंडा खाऊन तोंडाची हाडे सुजून आजारी पडत. त्या रोगास गिरणीवाल्याचा रोग असेच नाव पडले होते. आपल्या घोड्यास कोंडा नको.

मग अंग भरावयाचे कशाने? दोन द्रव्यांनी: स्निग्धाने आणि पचणाऱ्या चोथ्याने. घोड्यास पित्ताशय नसते, म्हणून त्यास तेल पचत नसावे अशी शंका पुष्कळांस येते. वस्तुस्थिती उलट आहे. त्याच्या यकृतातून पित्त अखंड पाझरत असते आणि हळूहळू सवय केली तर तेल त्यास उत्तम पचते. तेलात पिष्ट नाही, साखर नाही, आणि वजनाच्या मानाने धान्याच्या दुप्पटीहून अधिक शक्ती आहे. पाव लिटर तेलातून सुमारे दोन हजार किलोकॅलरी मिळतात. तितकी शक्ती धान्यातून मिळवावयाची तर सहाशे-सातशे ग्रॅम चंदी लागेल, आणि तिच्यातील अडीच-तीनशे ग्रॅम पिष्टही घोड्याच्या पोटात जाईल. शेंगदाण्याचे, करडईचे, सोयाबीनचे, कोणतेही ताजे खाद्यतेल चालेल. जवसाचे मिळाल्यास अधिक चांगले. खवट तेल, तळणातून उरलेले तेल, हे मात्र कदापि नको. प्रारंभ दोन-तीन चमच्यांनी, म्हणजे ३० ते ५० मिलीलिटरांनी करावा आणि दोन-तीन आठवड्यांत पाव लिटरपर्यंत न्यावे. लीद पातळ झाली तर एक पायरी मागे यावे. तेल वाढविले की ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते, ते पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे.

तेल नुसते प्यायला कोणता घोडा तयार होईल? ते कशात तरी कालवावे लागते, आणि तेथे पचणारा चोथा उपयोगी पडतो. विलायतेत साखर-बीटचा, मळी न घातलेला चोथा भिजवून देतात. आपल्या महाराष्ट्रात बीट फारसे पिकत नाही, पण सोयाबीन अमाप पिकते, आणि तेलाच्या गिरण्यांत सोयाबीनची टरफले निघतात. त्यांत पिष्ट अगदी थोडे, चोथा भरपूर, आणि तो चोथा मोठ्या आतड्यातील जंतू सहज पचवितात. किलोभर टरफले दोन-तीन वेळांत वाटून, पाण्यात भिजवून, त्यात तेल कालवून द्यावी. दात गेलेल्या म्हाताऱ्या घोड्यास तर हा मऊ काला वरदानच आहे. कोकणात आणि गोव्यात खोबऱ्याची पेंड मिळते. तिच्यात पिष्ट नाममात्र आणि थोडे तेलही असते, ऑस्ट्रेलियात ती अशा घोड्यांस मुद्दाम देतात. पेंड कोणतीही असो, हातात घेऊन हुंगावी. कुबट वास, बुरशीचा ठिपका, यांपैकी काही आढळले तर ती शेतात खत म्हणून टाकावी. शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचे विष विशेष असते, म्हणून तिच्या वाटेस न जाणेच बरे.

मांसासाठी प्रथिने हवीत, ती सोयाबीनच्या पेंडीतून मिळतात. दिवसास पाव किलो ते तीनशे ग्रॅम पुरे. लसूणघासही किलो-दीड किलो वाळवून देता येतो. त्यात पिष्ट कमी, प्रथिने आणि चुना अधिक, त्यामुळे पक्व डोंगरी गवताची उणीव तो चांगली भरून काढतो. क्वचित एखाद्या घोड्यास तो मानवत नाही, पाय तापल्यासारखे वाटतात. तसे दिसल्यास बंद करावा. याखेरीज मीठ रोज दोन-तीन चमचे, आणि पाणी अखंड. कोणताही बदल एका दिवसात करू नये. जुने काढण्यास आणि नवे घालण्यास दहा ते चौदा दिवस घ्यावेत.

आता धीराचा हिशेब. घोड्याच्या अंगावर एक किलो वजन चढण्यासाठी रोजच्या गरजेवर सुमारे १६ ते २४ हजार किलोकॅलरी जादा लागतात. पाव लिटर तेल रोज दोन हजार देते. म्हणजे केवळ तेलावर एक किलो वाढण्यास आठ ते बारा दिवस. सोयाबीनच्या टरफलांची भर घातली तर हा काळ बराच कमी होतो. तरीही चाळीस किलोंची तूट भरून निघण्यास सहा महिने सहज लागतील. धनी नेमका येथे खचतो. महिना झाला, फरक दिसत नाही, म्हणून तो गुपचूप मूठभर हरभरा घालतो; पुढच्या महिन्यात दोन मुठी. खूरदाह परत येतो तो बहुधा याच चोरवाटेने.

आणखी एक चोरवाट आहे, ती इतरांच्या प्रेमाची. दसऱ्यास घोड्याची पूजा होते, वरातीत पाहुणे लाडू पुढे करतात, शाळेची मुले बिस्किटे खाऊ घालतात, मोतद्दार निरोप घेताना गुळाचा खडा देतो. एकेकाचे एवढेसे; पण त्या सर्वांची बेरीज एकट्या घोड्यास सोसावी लागते. लोकांस रागावून उपयोग होत नाही. त्यांच्या हाती दुसरे काही द्यावे. लसूणघासाची जुडी दारापाशी बांधून ठेवली आणि 'यातील एक काडी द्या' असे सांगितले तर मुलांचेही समाधान होते.

लठ्ठ तट्टाचा प्रश्न याहून वेगळा, आणि त्याचा विस्तार येथे करीत नाही. एवढेच सांगतो की तेल आणि टरफले त्याच्यासाठी नव्हेत. आणि त्याची उपासमार करून चरबी उतरविण्याचा मोहही धरू नये. तट्टास एकाएकी उपाशी ठेवले तर त्याची चरबी रक्तात लोटते, यकृत बिघडते आणि प्राणावर बेतते. देहाच्या दीड टक्क्याहून कमी कोरडा चारा पशुवैद्याच्या देखरेखीवाचून कोणत्याच घोड्यास देऊ नये.

आहार कितीही नेटका असला तरी हात रोज खुरांवर फिरला पाहिजे. खरारा करताना चारही खुरांवर तळवा ठेवून ऊब पाहावी. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागल्या अंगास दोन्ही बाजूंनी नाडी लागते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते, दाह सुरू होताच ती ठणठण उडू लागते. घोडा एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकीत राहिला, वळताना अडखळला, कठीण जमिनीवर पाऊल जपून टाकू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. तोवर घोड्यास चालवू नये, त्याच्या पायांखाली वाळू किंवा भुसा जाड पसरावा, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवता आले तर ठेवावेत. त्या दिवशी सोयाबीनचा काला आणि तेल दोन्ही थांबवावे. भिजविलेले सुके गवत मात्र चालू ठेवावे, कारण दुखण्यात उपास घडला तर तेही त्यास बाधते. नालबंदासही कळवावे. खुराचा आकार पुन्हा नीट बसविण्याचे काम आहाराने होणार नाही, ते त्याच्या कानशीने व्हावयाचे आहे, आणि जुनी भिंत वाढून खाली उतरण्यास आठ-दहा महिने तरी लागतात.

फीत-पट्टा वर सांगितल्याप्रमाणे पंधरवड्यास चालूच ठेवावा. बरगड्या दिसेनाशा होऊन बोटांस मात्र लागू लागल्या की तेल निम्म्यावर आणावे आणि पुढच्या दोन मोजण्यांत वजन तसेच राहते का ते पाहावे. राहिले तर तेवढेच पुरे. आयाळीच्या मुळाशी वळी धरू लागली तर तेल पूर्ण बंद करून नुसते गवत, थोडी सोयाबीन पेंड आणि खनिज मिश्रण यांवर घोडा ठेवावा.